मंजिरीचे पहाटेचे डोळे

मंजिरीला संध्याकाळी दिसत नसे आणि पहाटे दिसत असे. पहाटेचं हे कोणालाच माहीत नव्हतं, कारण तिनं ते कोणाला सांगितलंच नव्हतं.

संध्याकाळचं मात्र साऱ्या कोंडवेळ गावाला ठाऊक होतं. सूर्य समुद्रात बुडाला की इतर मुलांचा खेळ रंगात यायचा आणि मंजिरीचा संपायचा. वाळूतल्या होड्या, होड्यांचे दोर, जेटीची पायरी, सगळं तिच्यापुरतं एका काळ्या कापडाखाली जायचं. मागच्या महिन्यात ती जेटीवरून घसरली होती. भरतीचं पाणी होतं म्हणून लागलं नाही, पण तेव्हापासून आईनं दिवेलागणीनंतर तिचं बाहेर जाणं बंद केलं होतं.

आई जेटीवर सौरहोड्यांची दुरुस्ती करायची. उन्हावर चालणाऱ्या त्या होड्या बिघडल्या की सगळ्या खाडीतून तिला बोलावणी यायची. ती घाबरट बाई नव्हती. पण मंजिरीच्या डोळ्यांचा विषय निघाला की ती हातातलं काम खाली ठेवायची आणि काही बोलायची नाही. त्याचं कारण घरातच होतं. मंजिरीचे आजोबा, म्हणजे आईचे वडील डॉक्टर भालचंद्र पेडणेकर, यांच्या डोळ्यांचं अगदी असंच सुरू झालं होतं. लहानपणी आधी संध्याकाळचं दिसेनासं झालं. मोठेपणी कडेकडेचं दिसेनासं झालं. बोगद्यातून बघावं तसं जग लहान लहान होत गेलं, आणि मंजिरी जन्मली त्या सुमारास बोगद्याच्या टोकाचा उजेडही गेला. नातीचं तोंड त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

गंमत म्हणा किंवा काही म्हणा, आजोबांनी जन्मभर डोळ्याचाच अभ्यास केला होता. गावावरच्या सड्यावर, म्हणजे त्या विस्तीर्ण कातळी पठारावर, प्रकाशशाळा नावाची प्रयोगशाळा होती. तिथे ते रसायनशास्त्रज्ञ होते. आता ते निवृत्त होते आणि ठकूला घेऊन समुद्रावर फिरायला जायचे. ठकू म्हणजे गुडघ्याएवढा, चार पायांचा वाटाड्या यंत्रमानव. तो पुढे चालायचा आणि "डावीकडे खड्डा, आजोबा, आणि एक झोपलेलं कुत्रं," असं हळू आवाजात सांगत राहायचा.

पहाटेची गोष्ट मंजिरीला दिवाळीच्या सुमारास कळली. तहान लागून तिला जाग आली. घरात दिवा नव्हता, अंगणातही नव्हता, चंद्र केव्हाच मावळला होता. आणि तरी तिला पाण्याचं भांडं दिसलं. दाराची कडी दिसली. ती अंगणात आली तर तुळशीजवळच्या प्राजक्ताखाली फुलांचा सडा पडलेला, एकेक फूल वेगळं दिसावं असा. माडांच्या झावळ्यांमधून इतक्या चांदण्या दिसत होत्या की तिला वाटलं, आपण अजून झोपेत आहोत. ती पायरीवर बसून राहिली. फुलं पडत होती, आवाज न करता, आणि प्रत्येक फूल पडताना तिला दिसत होतं. मग उजाडलं आणि ती आत जाऊन झोपली.

असं पुष्कळ वेळा झालं. पहाटे दिसायचं, आणि त्याच दिवशी संध्याकाळी ती दारालाच धडकायची. हे स्वप्नच असेल, असं समजून तिनं ते आपल्यापाशी ठेवलं. शिवाय आईला सांगितलं आणि ते खरं नसलं तर आई पुन्हा काम खाली ठेवून गप्प बसेल, याची तिला भीती होती.

एके सकाळी आजोबा ओट्यावर चहा घेत बसले होते. मंजिरी त्यांच्याशेजारी येऊन बसली.

"आजोबा, तुम्ही लहानपणी पहाटे उठायचात?"

"उठवायचे. पाठांतर असायचं."

"मग अंगणात गेलात की दिसायचं तुम्हाला?"

"पहाटे? छे. संध्याकाळी जेवढा काळोख तेवढाच पहाटे. भिंत चाचपडत विहिरीपर्यंत जायचो."

मंजिरी पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत राहिली. मग म्हणाली, "मला दिसतं."

आजोबांचा कप ओठांपाशी थांबला. "काय दिसतं?"

तिनं सगळं सांगितलं. भांडं, कडी, झावळ्या, चांदण्या. प्राजक्ताचं सांगितलं तेव्हा आजोबांनी मध्येच विचारलं, "फुलांचे देठ कोणत्या रंगाचे होते?"

"रंग नव्हता. फुलं पांढरी आणि देठ करडे."

"केशरी नव्हते?"

"उजाडल्यावर झाले केशरी. आधी नव्हते."

आजोबांनी कप खाली ठेवला. त्यांचा चेहरा असा झाला की, ते फार लांबचा आवाज ऐकत आहेत असं मंजिरीला वाटलं. "मंजू," ते म्हणाले, "हे तू आतापर्यंत का नाही सांगितलंस?"

"मला वाटलं स्वप्न आहे."

"स्वप्नात देठ केशरीच दिसले असते," आजोबा म्हणाले. "कारण ते केशरी असतात हे तुला माहीत आहे. करडे दिसले, म्हणजे तू खरंच बघितलंस."

दुपारी दोघं प्रकाशशाळेकडे निघाली. आईला त्यांनी नुसतं "जरा सड्यावर जाऊन येतो" एवढंच सांगितलं. चालकाशिवाय चालणारी गाडी वळणं घेत वर चढली. थंडीच्या दिवसांत सड्यावरचं गवत वाळून पिवळंधमक झालं होतं आणि त्यात प्रकाशशाळेचा पांढरा घुमट एखाद्या मोठ्या अंड्यासारखा दिसत होता. दारात डॉक्टर शाहीन मुकादम उभ्या होत्या. त्या आजोबांच्या विद्यार्थिनी, आता प्रयोगशाळेच्या प्रमुख.

"या सर," त्या म्हणाल्या. "किती वर्षांनी आलात. ती 'सावकाश खोली' बांधून झाली, पण तुम्ही काही तिच्यात पाऊल टाकलं नाहीत."

"बघता येत नाही त्या खोलीत येऊन काय करू?" आजोबा म्हणाले. "आज बघणारी बरोबर आणली आहे."

सावकाश खोली म्हणजे घुमटाच्या पोटातली गोल, अंधारी खोली. बसायला मऊ गाद्या होत्या. मंजिरी अंधाराला बिचकली आणि तिनं आजोबांचा हात धरला.

"सुरू करायच्या आधी थोडं ऐक," आजोबा म्हणाले. "डोळ्याच्या मागच्या बाजूला एक पातळ पडदा असतो, दृष्टिपटल (ज्यावर बाहेरचं चित्र उमटतं तो पडदा). त्यात दोन जातींच्या पेशी असतात. शंकुपेशी भरपूर उजेडात काम करतात आणि रंग ओळखतात. दंडपेशी अगदी अंधुक उजेडात काम करतात, पण त्यांना रंग कळत नाही."

"म्हणून देठ करडे," मंजिरी म्हणाली.

"म्हणून देठ करडे. तू पहाटे दंडपेशींनी बघत होतीस. माझ्या दंडपेशी झिजून गेल्या, म्हणून मला संध्याकाळी दिसेना आणि पहाटेही दिसेना. तुझ्या गेल्या असत्या तर तुलाही पहाटे दिसलं नसतं. म्हणजे त्या आहेत, पण संध्याकाळी काम करत नाहीत. असं का? हे कोडं घेऊन आपण आत आलो आहोत. आता शाहीन, दाखव."

खोलीत जांभळट उजेड पसरू लागला. इतका हळू की, केव्हा सुरू झाला ते मंजिरीला कळलं नाही. मग तिच्याभोवती सात उंच खांब उभे राहिले. सरळ नव्हते ते. वेलीसारखे स्वतःभोवती पीळ घेत वर गेलेले आणि एकमेकांना टेकलेले. खांबांच्या मधोमध पोकळी होती, आणि त्या पोकळीत काहीतरी आडवं तरंगत होतं.

"मी आता दंडपेशीच्या आत आहे का?" तिनं विचारलं.

"दंडपेशीतल्या एका रेणूच्या आत," शाहीनबाई म्हणाल्या. "रेणू म्हणजे अणूंची जोडलेली साखळी. हे ऱ्होडॉप्सिन (दंडपेशीतलं, उजेड टिपणारं रंगद्रव्य). एकेका दंडपेशीत असे कोट्यवधी असतात. हे सात खांब म्हणजे त्यातलं प्रथिन. मध्ये जे तरंगतंय ते रेटिनाल. अ जीवनसत्त्वापासून शरीर ते बनवतं. गाजर, पालेभाज्या खा म्हणून मागे लागतात ना, ते यासाठी."

"मंजू, मला सांग," आजोबा म्हणाले. त्यांचा आवाज जरा वेगळा येत होता. "कसं दिसतंय ते?"

मंजिरी निरखून बघू लागली. "मण्यांची माळ आहे. एका टोकाला गोल कडं आहे, दुसरं टोक एका खांबाला बांधलेलं आहे. आणि मधेच ती वाकलीय. हाताचं कोपर वाकतं तशी."

"बरोबर. वाकलेली असते म्हणूनच ती त्या पोकळीत नीट बसते. किल्ली कुलपात बसावी तशी. आणि अंधारात ती अशीच राहते. उजेड लागला नाही तर एकेक रेणू शेकडो वर्षं तसाच वाकलेला राहू शकतो. इतका शहाणा आहे तो. उगाच हलत नाही."

"आणि उजेड लागला की?"

"तेच तर बघायचंय. पण ते इतकं भराभर होतं की, नुसत्या डोळ्यांनी बघता येत नाही. एक सेकंद घे. त्याचे हजार भाग कर. त्यातला एक भाग घेऊन त्याचे हजार कर. असं पाच वेळा केलंस की जो कण उरेल तो फेम्टोसेकंद (वेळेचा अतिशय सूक्ष्म तुकडा). उजेड लागल्यापासून सुमारे दोनशे फेम्टोसेकंदांत ही माळ सरळ होते. उजेडाचा वेग तुला माहीत आहे. चंद्रावरून इथे यायला त्याला सेकंदाहून थोडासाच जास्त वेळ लागतो. तोच उजेड दोनशे फेम्टोसेकंदांत जेमतेम एका केसाची जाडी ओलांडतो."

मंजिरीनं आपला एक केस बोटांत धरून पाहिला. "मग याचे फोटो कसे काढले?"

"उजेडाच्याच ठिणग्यांनी," शाहीनबाई म्हणाल्या. "लेसरची एक अगदी छोटी ठिणगी रेणूला जागं करते. तिच्या मागोमाग दुसरी ठिणगी येते, ती फोटो काढते. पुढच्या वेळी दुसरी ठिणगी किंचित उशिरा सोडायची, म्हणजे पुढचा क्षण मिळतो. असे खूप फोटो एकापुढे एक लावले की चित्र हलायला लागतं. सरांनी तीस वर्षं ते मोजमाप केलं. त्या आकड्यांवर ही खोली उभी आहे. इथे आपण एका फेम्टोसेकंदाचा एक पूर्ण सेकंद केलाय. घड्याळ असं ताणलं तर बाहेरचा खरा एक सेकंद इथे तीन कोटी वर्षांचा होईल."

"आता उजेड येतोय," आजोबा पुटपुटले. खोलीच्या यंत्राची बारीक घरघर त्यांना ऐकू आली असावी.

खोलीच्या कडेनं एक मंद लाट निघाली. पाण्याची नव्हे, उजेडाची. ती हळूहळू, झुलत झुलत खांबांमधून आत आली आणि माळेला लागली. आधी काहीच झालं नाही. मग माळेवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चमक पसरली.

"ती उजळली आजोबा. पण हलली नाही."

"उजेडाचा कण गिळला तिनं. आता कोपराजवळ बघ. तिथे दोन मण्यांमधला धागा दुहेरी असतो, ताठ. तो फिरू देत नाही."

"तो... तो सैल पडतोय. पातळ झाल्यासारखा."

"हां."

"आता मणी फिरतायत. कोपराजवळचेच. टोकं जागच्या जागी आहेत, कडं पण हललं नाही. मधलाच भाग फिरतोय, सायकलचं पायडल फिरतं तसा." मंजिरीही नकळत हात फिरवत होती. जांभळा उजेड तिच्या बोटांवरून ओघळत होता. ती जमिनीवर बसली आहे की तरंगते आहे, हे तिचं तिलाच समजत नव्हतं. "आता वळली. थोडी अजून. आता... सरळ झाली. पूर्ण नाही, जरा पिळलेली आहे. पण सरळ."

लाट निघून गेली होती. सरळ झालेली माळ पोकळीत मावत नव्हती आणि खांबांना आतून ढकलत होती. सगळे खांब आवाज न करता किंचित थरथरत होते.

मंजिरीनं पाहिलं तर आजोबांच्या मिटल्या पापण्या ओल्या होत्या.

"काय झालं आजोबा?"

"काही नाही. टोकं हलत नाहीत, मधलाच भाग फिरतो, हे मी कागदावर मांडलं होतं. जागा अपुरी असेल तर दुसरं काही होऊच शकत नाही, असं म्हणत होतो. पण कधी पाहिलं नव्हतं." ते जरा हसले. "आज पाहिलं."

शाहीनबाईंनी खोलीतलं घड्याळ तिथेच थांबवलं. "पुढचं मी तोंडी सांगते," त्या म्हणाल्या. "माळेनं ढकललं की खांब थोडे फाकतात. प्रथिनाचा आकार बदलतो, ते शेजारच्यांना हलवतं, ते आणखी अनेकांना, आणि निरोप मोठा होत होत मेंदूपर्यंत जातो. पूर्ण काळोखात उजेडाचा एकच कण आला, तरी एक दंडपेशी त्याचा निरोप धाडू शकते."

"पण एवढी घाई कशाला?" मंजिरीनं विचारलं.

"छान विचारलंस," आजोबा म्हणाले. "रेणूनं वेळ लावला असता तर उजेडाची ताकद उष्णता होऊन वाया गेली असती. घाई केल्यामुळे तीन कणांमधले दोन तरी कामी येतात. अंधुक उजेडात प्रत्येक कण मोलाचा."

मंजिरी त्या सरळ माळेकडे बघत होती. "मग आता ही परत वाकणार केव्हा? मला बघायचंय."

शाहीनबाई हसल्या. "ते या खोलीत नाही बघता येणार. परतायला खूप वेळ लागतो. सरळ झालेलं रेटिनाल पोकळीतून सुटतं, शेजारच्या पेशींच्या थरात जातं. तिथे एकेक विकर (शरीरातली कामं उरकणारं प्रथिन) त्यावर काम करतं. एक त्याला वाकवतं, दुसरं शेवटचा हात फिरवून तयार करतं, आणि मग ते दंडपेशीत परत येतं. हे सगळं व्हायला मिनिटंच्या मिनिटं लागतात. आपल्या या ताणलेल्या घड्याळानं बघायचं म्हटलं, तर पृथ्वीच्या वयाएवढी वर्षंही पुरणार नाहीत."

"म्हणजे जाताना एवढं पटकन आणि येताना एवढं हळू?"

"हो. म्हणून तर उन्हातून घरात आल्यावर सगळ्यांनाच आधी काही दिसत नाही. दिवसभराच्या उजेडानं दंडपेशीतल्या माळा सरळ होऊन बसलेल्या असतात. त्या पुन्हा वाकून परतल्या की दिसायला लागतं. चांगला अर्धा तास लागतो पूर्ण व्हायला."

मंजिरीनं सावकाश, शब्द जुळवत विचारलं, "आजोबा, ते शेवटचा हात फिरवणारं जे आहे... ते माझं आळशी असलं तर?"

आजोबा तिच्याकडे वळले. तीच पुढे म्हणाली, "म्हणजे सगळ्यांच्या माळा अर्ध्या तासात परत येतात आणि माझ्या रात्रभर लागतात. संध्याकाळी त्या आलेल्याच नसतात. पहाटेपर्यंत येतात. मग मला दिसतं. मग उजाडतं आणि पुन्हा सगळ्या सरळ होतात."

"मलाही तसंच वाटतंय," आजोबा म्हणाले. "देठाचं सांगितलंस तेव्हापासून वाटतंय. पण तुला स्वतःला सुचतं का ते बघायचं होतं. आणि आपल्याला वाटून चालत नाही, तपासायला हवं."

पुढच्या आठवड्यात जिल्ह्याच्या गावी डोळ्यांच्या दवाखान्यात तपासणी झाली. तेव्हा आईला सगळं सांगितलं होतं आणि ती बरोबर होती. मंजिरीला रात्रभर अंधाऱ्या खोलीत झोपवून सकाळी, उजेड न दाखवता, दंडपेशींची परीक्षा घेतली, तेव्हा त्या उत्तम निघाल्या. दृष्टिपटलावर बारीक पांढरे ठिपके दिसले आणि रक्ताच्या तपासणीतही तेच विकर कच्चं असल्याचं कळलं. डॉक्टरीणबाईंनी आईला समोर बसवून सांगितलं, "हे तुमच्या वडिलांचं दुखणं नाही. एकाच घरात दोन वेगळी दुखणी आली, इतकंच. हिच्या पेशी झिजत नाहीयेत, त्यांना परत सज्ज व्हायला उशीर लागतो. बहुतेकांच्या बाबतीत हे आयुष्यभर आहे तसंच राहतं. दरवर्षी तपासत राहू."

"म्हणजे तिची नजर जाणार नाही?"

"जावी असं आज काही दिसत नाही."

आई उठून बाहेरच्या नळावर गेली आणि कितीतरी वेळ हात धूत राहिली. हात स्वच्छच होते. परत आली तेव्हा तिनं मंजिरीचे केस विस्कटले आणि म्हणाली, "पहाटे एकटीच अंगणात जाऊन बसतेस, आणि मला उठवत नाहीस होय?"

त्या थंडीत कोंडवेळच्या किनाऱ्यावर पाणी पेटलं. समुद्रातले डोळ्यांना न दिसणारे जीव खूप वाढले की लाट फुटताना त्यांचा उजेड पडतो, त्याला गावात तसं म्हणत. तो उजेड अंधुक असतो, म्हणून गावानं दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळे दिवे मालवायचं ठरवलं. मंजिरीनं हे कधी पाहिलं नव्हतं. दरवर्षी ती किनाऱ्यावर उभी राहायची आणि लोक "बघ, बघ" म्हणायचे तिकडे तिला काळोख दिसायचा.

"पहाटे बघेन," ती म्हणाली.

"पहाटेपर्यंत ओहोटी लागेल, लाटा मंदावतील," आजोबा म्हणाले. "आपण पहाट दिवसाढवळ्याच सुरू करू. दंडपेशींना गडद तांबडा उजेड जवळजवळ कळत नाही. तांबड्या काचांचा चष्मा लावलास, कडेनं उजेड येऊ दिला नाहीस, तर त्या आत अंधारातच बसल्यात असं समजतील. माळा वाकायला लागतील. आणि तू मात्र शंकुपेशींनी बघत घरभर फिरू शकशील."

दुसऱ्या दिवशी मंजिरी सकाळी उठल्या उठल्या चष्मा लावून बसली. आईनं पोहताना लावायच्या चष्म्यावर तांबड्या काचा बसवून दिल्या होत्या, कडा काळ्या रबरानं बंद करून. तो सगळा दिवस तिला तांबड्या जगात काढावा लागला. भात तांबडा, मांजर तांबडं, आईचा चेहरा तांबडा. दुपारी ती ओट्यावर पडून राहिली. आपल्या डोळ्यांच्या आत इतक्या माळा एकेक करून कोपर वाकवतायत, आपापल्या पोकळीत जाऊन निजतायत, असं तिला वाटत राहिलं. त्या निजल्या की ती जागी होणार होती.

सूर्य मावळला, दिवे मालवले, आणि सगळं गाव वाळूवर आलं. आईनं तिचा एक हात धरला होता, आजोबांनी दुसरा. ठकू पुढे चालत "ओली वाळू सुरू," म्हणाला आणि थांबला.

"काढ आता," आजोबा म्हणाले.

मंजिरीनं चष्मा काढला.

सुरुवातीला तिला फक्त आकाश दिसलं, चांदण्यांनी गच्च. मग काळ्या पाण्यावर एक दुधी रेघ उठली, लांबच लांब, वाकली, आणि फुटून हजार ठिणग्यांची झाली. तिच्यामागे दुसरी. आई चालली तर तिच्या पावलांभोवती वाळूत उजेडाची वर्तुळं उमटत होती. मंजिरीनं पाण्यात हात घातला आणि बोटांना निळसर पाकळ्या फुटल्या. दूर होड्या होत्या, त्यांचे दोर होते, जेटीची पायरी होती. सगळं आपापल्या जागी होतं.

"सांग," आजोबा म्हणाले.

ती सांगत गेली. लाट कुठून उठते, कशी पसरते, माघारी जाताना वाळूत किती ठिपके ठेवून जाते. आजोबा मान हलवत होते. आई समुद्राकडे बघतच नव्हती, मंजिरीकडे बघत होती.

आणि अचानक डोक्यावर पांढरा झोत पडला. कुणा पाहुण्यानं चित्रण करायला उडता कॅमेरा सोडला होता आणि त्याचा दिवा लावला होता. लोकांनी ओरडून तो बंद करायला लावला. पण तोपर्यंत झोत मंजिरीच्या तोंडावरून दोनदा फिरून गेला होता.

थोड्या वेळानं लोक पुन्हा "दिसतंय, दिसतंय" म्हणू लागले. मंजिरीपुढे काळं कापड होतं.

"मंजू?" आईचा आवाज कापरा झाला. "दिसतंय ना गं?"

"नाही," मंजिरी म्हणाली. तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. "आई, घाबरू नको. झोत लागला ना, सगळ्या माळा एकदम सरळ झाल्या. पटकन जातात त्या. आता परत यायला त्यांना वेळ लागेल. माझ्या सावकाश येतात. पण येतात."

आईनं तिला जवळ ओढलं. मग ती त्या पाहुण्याला दोन शब्द सुनवायला तरातरा निघून गेली. आजोबा आणि मंजिरी ओल्या वाळूवर बसली. दोघांनाही काही दिसत नव्हतं. लाट यायची, दोघांच्या पायांवरून जायची.

"शाहीन मला एक विचारत होती," आजोबा म्हणाले. "माझ्या दंडपेशी गेल्या, पण निरोप पुढे नेणाऱ्या मागच्या पेशी शाबूत आहेत. त्यांच्यातच उजेड ओळखणारं प्रथिन बसवायचा प्रयोग चाललाय. ते प्रथिन सापडलं गोड्या पाण्यातल्या शेवाळात. आणि त्याच्याही पोटात कोण आहे माहितीय? रेटिनाल."

"तीच माळ?"

"तीच. फक्त तिथे उलटं चालतं. सरळ माळ उजेड लागला की वाकते आणि मग जागच्या जागीच पुन्हा सरळ होते. शेजारी जायची गरजच नाही."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"या वयात कशाला, म्हणालो."

मंजिरीनं विचारलं, "काय दिसेल त्यानं?"

"फार नाही. दाराची चौकट. माणसाची आकृती, पुढून गेली तर. कदाचित मोठी लाट." ते थांबले. "कदाचित काहीच नाही. प्रयोग आहे तो."

"माणसाची आकृती म्हणजे मी पण?"

पाणी आलं आणि गेलं. लांबून आईचा आवाज ऐकू येत होता. पाहुणा माफी मागत होता आणि आई अजून थांबली नव्हती.

"तू पण," आजोबा शेवटी म्हणाले. "सोमवारी सड्यावर जाऊन शाहीनला होकार देऊन येऊ. तू चल बरोबर."

ठकू दोघांच्या पुढ्यात येऊन उभा राहिला आणि घरची वाट सांगू लागला.